मावशी चौसष्ट अक्षरं वाचते

मावशीचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं सांभाळण्यात गेलं. एकतीस वर्षं ती एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. डाव्या विंगेत, पडद्याच्या घडीला पाठ लावून, एका बुटक्या स्टुलावर ती बसायची. मांडीवर संहिता आणि कागदापुरताच उजेड देणारा एक दिवा. प्रेक्षकांनी तिला कधी पाहिलं नाही. तिचा आवाज त्यांच्या कानावर गेला असता, तर तो तिनं स्वतःचा पराभव मानला असता.

हे काम वाचणाऱ्याचं नाही, ऐकणाऱ्याचं आहे, असं ती म्हणायची. नट बोलता बोलता थांबतो. हे थांबणं अभिनयाचं आहे की आठवणीनं दगा दिल्याचं, हे एका श्वासात ओळखायचं. अभिनयाच्या जागी शब्द पुरवला, तर नट खाऊ की गिळू अशा नजरेनं बघतो. दुसऱ्या जागी नाही पुरवला, तर तोच नट डोळ्यांनी हात जोडतो. मावशीचा अंदाज एकतीस वर्षांत फार थोड्या वेळा चुकला, आणि चुकला तो प्रत्येक प्रयोग तिला तारखेसकट आठवत असे.

कंपनी बंद झाली तेव्हा तिनं एक ट्रंक उचलली आणि ती भाच्याकडे आली. बहिणीचा मुलगा तो. बहीण आधीच गेली होती. भाचा बेचाळीस वर्षांचा, डोक्यावर केस मोजके, बोलणं त्याहून मोजकं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं छोटं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाला. त्यामुळे दुकानात दिवसभर एका कानात लोखंड घासल्याचा आवाज आणि दुसऱ्या नाकपुडीत गरम कापडाचा वास, असं मावशी म्हणे.

पहिले आठ दिवस ती घरातच बसली. भाजी निवडावी तर सूनबाईनं, भाच्याच्या बायकोनं, शाळेत शिकवायला जायच्या आधीच निवडलेली, कपडे वाळत घालावेत तर घातलेले. कुणी काही कमी करत नव्हतं, पण तिच्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. विंगेत बसून आयुष्य काढलेल्या बाईला हे फार जड जातं. तिथे तिच्याकडे कुणी बघत नसे, पण ती उठून गेली तर नाटक कोसळलं असतं.

नवव्या दिवशी भाचा म्हणाला, "मावशी, चप्पल घाल."

"कुठे?"

"दुकानात. तुझी खुर्ची केलीय."

खरोखरच केली होती. काउंटर उंच, म्हणून त्यानं एका जुन्या खुर्चीच्या चारही पायांना लाकडाचे ठोकळे लावले होते आणि पाय टेकायला खाली एक फळी ठोकली होती. मावशी त्या खुर्चीत चढून बसली. समोर उघडी पडलेली यंत्रं, वायरींची भेंडोळी, डब्यांमधले वेगवेगळ्या मापांचे स्क्रू. तिला एकदम रंगपटात आल्यासारखं वाटलं. सगळे अर्धवट कपडे केलेले आणि सगळ्यांना उशीर झालेला. त्या खुर्चीबद्दल तिनं भाच्याला तेव्हा काही म्हटलं नाही. म्हणाली असती तर तो लाजून बाहेर गेला असता. पण पुढच्या सहा वर्षांत असा एक दिवस गेला नाही की बसताना तिचा हात त्या ठोकळ्यांकडे गेला नाही.

ती फोन घेऊ लागली. यंत्राच्या पोटाखालचे बारीक नंबर भिंगातून वाचून देऊ लागली. गिऱ्हाईक "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं" म्हणालं की ती चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, "चहा गरम होता की गार?" नव्वद टक्के गिऱ्हाइकं चहा सांडल्याचं तिथेच कबूल करायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग फोटो स्टुडिओचं प्रकरण झालं.

स्टुडिओवाल्याचा कॉम्प्युटर चालू होईना. त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं टाकायची होती. भाचा घाईत होता. त्यानं इंटरनेटवरच्या कुठल्याशा साइटवरून तयार फाइल उतरवली. साइटवर हिरवी खूण होती, 'तपासलेली, अस्सल' असं लिहिलेलं होतं. त्यानं ती टाकून दिली. फाइल अस्सल नव्हती. कुणीतरी तिच्या पोटात स्वतःचं काहीतरी घुसडलं होतं. आठवड्यानं स्टुडिओचे सगळे फोटो कुलूपबंद झाले आणि उघडायची किल्ली कुठल्या देशात, कुणाकडे, ते कुणालाच कळलं नाही. लोकांच्या लग्नांचे, बारशांचे फोटो. निम्मे स्टुडिओवाल्याकडे दुसरीकडे साठवलेले होते, निम्मे गेले.

स्टुडिओवाला ओरडला नाही. तो फक्त म्हणाला, "तुझ्यावर सोडलं होतं रे." ओरडला असता तर बरं झालं असतं. भाचा त्या दिवसापासून आतून खचला. पेनड्राइव्ह हातात घेतला की तो तसाच परत खणात ठेवायचा. एक दिवस जेवताना तो म्हणाला की दूरच्या शहरात एका मोठ्या गोदामात नोकरी आहे, माल मोजायची. एक तारखेला होकार कळवायचा आहे.

सूनबाई म्हणाली, "आणि मावशी?"

"मावशी येईल की आपल्याबरोबर."

"येईन," मावशी म्हणाली. पण पुढचं सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. दोन खोल्यांचं घर, भाचा दिवसभर गोदामात, सूनबाई नव्या शाळेत, आणि ती खिडकीशी. तिला स्वतःच्या खिडकीचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त तिला समोरच्या माणसाचं थांबणं दिसत होतं. हा थांबलेला नव्हता, हा अडकलेला होता. एकतीस वर्षांत असा नट तिनं अंधारात कधी सोडला नव्हता. मात्र इथे पुरवायचा शब्द कुठला, हेच तिला माहीत नव्हतं.

एक तारखेला चार दिवस उरले असताना कानाच्या बाई दुकानात आल्या. दोन गल्ल्या सोडून त्यांचा दवाखाना होता. ऐकू कमी येणाऱ्यांना त्या यंत्रं बसवून द्यायच्या आणि प्रत्येकाच्या कानाप्रमाणे ती कॉम्प्युटरवरून जुळवून द्यायच्या. तोच कॉम्प्युटर त्यांनी छातीशी धरून आणला होता.

"आतली डिस्क गेली म्हणतात," बाई म्हणाल्या. "नवी घाला. पण सिस्टिम जुनीच हवी. माझं जुळवणीचं यंत्र नव्या आवृत्तीशी बोलतच नाही. आणि सोमवारी सकाळी अकरा जण येणार आहेत, त्यांतले चार तर महिनाभर यंत्रं खिशात घालून फिरताहेत."

भाचा म्हणाला, "बाई, मी हल्ली सिस्टिमची कामं घेत नाही."

"मग काय घेता?"

"कीबोर्ड, चार्जर..."

"घेतो," मावशी म्हणाली. "ठेवा तुम्ही."

बाई गेल्यावर भाचा तिच्याकडे वळला. "मावशी, हे काय केलंस?"

"शेवटचा प्रयोग जाहीर झालाय ना तुझा, एक तारखेचा? मग एक खेळ नीट करून जा. लोक पडलेला अंक लक्षात ठेवून घरी जातात, हे मला ठाऊक आहे."

त्यानं मान खाली घातली, पण स्क्रूड्रायव्हर उचलला.

डिस्क बसवायला अर्धा तास पुरला. पुढे खरी अडचण. सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर फक्त सगळ्यात नवी आवृत्ती समोर मांडलेली. जुनी कंपनीच्याच कोठारात होती, पण तिथे जायचा रस्ता कंपनीनं सरळ ठेवला नव्हता.

"रस्ता आहे," भाचा ओठ चावत म्हणाला. "एक टूल आहे. कंपनीचं नाही, कुणीतरी तिऱ्हाइतानं केलंय. फुकट. आपण आवृत्ती सांगायची, भाषा सांगायची. ते कंपनीच्या दारावर थाप मारतं आणि फाइल थेट कंपनीच्या कोठारातून आणतं. स्वतःकडे काही ठेवत नाही. निदान असं म्हणतात."

"मग आण की."

"स्टुडिओच्या वेळीसुद्धा असंच म्हणत होते."

"ती साइट स्वतःच्या घरातला माल देत होती. हा नुसता हमाल आहे. फरक आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. पण त्याचं बोट बटणावर उतरायला दोन मिनिटं लागली.

फाइल उतरायला अडीच तास लागले. दुपारचं ऊन काउंटरवरून सरकत इस्त्रीवाल्याच्या दारात गेलं. शेवटी पडद्यावर हिरवी खूण उमटली. भाच्यानं श्वास सोडला. "ठसा जुळला, मावशी."

"कसला ठसा?"

त्यानं तिला समजावलं. प्रत्येक फाइलचा एक ठसा निघतो, माणसाच्या अंगठ्यासारखा. चौसष्ट अक्षरं आणि आकडे. फाइलमध्ये एक टिंब जरी इकडचं तिकडे झालं, तरी सगळा ठसाच बदलतो. धंद्यात त्याला हॅश म्हणतात.

"बरं. आणि हा जुळला तो कशाशी जुळला?"

"टूलनं दाखवलेल्या ठशाशी."

"आणि फाइल कुणी आणली?"

"टूलनं."

मावशीनं चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"ऐक," ती म्हणाली. "एकदा एका गावी माझी संहिता मागच्या मुक्कामावर राहिली. पडदा वर जायला दहा मिनिटं. आमचे नायक म्हणाले, माझी प्रत घ्या. घेतली. आता या गृहस्थांची खोड अशी, की जे वाक्य तोंडात बसत नाही त्यावर पेन्सिलीनं रेघ मारायची. मला कुठे ठाऊक? दुसऱ्या अंकात ते अडले, मी त्यांच्या प्रतीतलं पुढचं वाक्य पुरवलं, त्यांनी ते झोकात म्हटलं. मध्ये मृत्युपत्राची पाच वाक्यं होती, ती त्यांनी खोडलेली. तिसऱ्या अंकात नायिका आली आणि म्हणाली, 'ते मृत्युपत्र जाळलंत ना?' प्रेक्षकांतून कुणी विचारलं, कुठलं मृत्युपत्र? थिएटरभर खसखस पिकली. नायिका महिनाभर माझ्याशी बोलली नाही."

भाचा बऱ्याच दिवसांनी हसला.

"हसू नकोस. त्या दिवसापासून माझा नियम ठरला. नट त्याच्या जागी देवमाणूस असेल, पण तपासायची प्रत नटाची नसावी. प्रत वेगळी हवी, वेगळ्या हातातून आलेली. तुझा हमाल खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो खरा आहे की नाही, हे त्यालाच काय विचारतोस?"

भाच्याचं हसू मावळलं. त्यानं पडद्याकडे पाहिलं. "स्टुडिओच्या वेळी मी हेच केलं," तो हळूच म्हणाला. "साइटनंच सांगितलं, साइट खरी आहे. मी मान डोलावली."

मग तो तासभर कंपनीच्या पानांवर फिरला. नव्या आवृत्तीचे ठसे तिथे होते, जुन्या आवृत्तीचा सापडेना. त्यानं वायरी काढायला सुरुवात केली. "नेऊन देतो बाईंना कॉम्प्युटर. सांगतो जमत नाही."

"बाईंच्या यंत्राबरोबर काही कागद आले असतील ना? ज्यानं ते यंत्र केलं, त्याला माहीत असणारच आपलं यंत्र कुठल्या आवृत्तीवर चालतं ते."

"कागद कोण ठेवतं, मावशी?"

"विचार तर."

कानाच्या बाई सगळं ठेवणाऱ्यांतल्या निघाल्या. यंत्राचा मूळ खोका, त्यातला थर्माकोल, वायरीला बांधलेली तार आणि अकरा भाषांमधलं जाडजूड माहितीपत्रक. ते त्यांनी स्वतः आणून दिलं. शेवटच्या पानावर, औषधाच्या बाटलीवर असतात तसल्या बारीक अक्षरांत, आवृत्तीचं नाव होतं आणि खाली चौसष्ट अक्षरांची एक ओळ.

"ही घ्या वेगळी प्रत," मावशी म्हणाली. तिनं भिंग काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि खुर्ची काउंटरच्या अगदी जवळ ओढली. "तू पडद्यावर बोट ठेव. मी चार-चार म्हणते. चारांनंतर तू 'हं' म्हणायचं. 'हं' आल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

"मावशी, शेवटची चार-पाच बघितली तरी पुरतं. सगळे तेवढंच बघतात."

"पहिलं आणि शेवटचं वाक्य म्हणून नाटक होतं का? सगळं वाचायचं."

तिनं घसा साफ केला. "नऊ, चार, सी, एक."

भाच्याचं बोट पहिल्याच अक्षरावर थांबलं.

"हं म्हण."

"नाही म्हणता येत," तो म्हणाला. "इथे सहा आहे. सहा, एफ, शून्य... एकही जुळत नाही."

किल्लीवाल्याचं यंत्र नेमकं तेव्हाच बंद झालं. दुकानात फक्त पंख्याचा आवाज राहिला. भाच्यानं माउसवरचा हात काढून घेतला. "बघितलंस? मला कळतच नाही यातलं. हिरवी खूण बघून आज पुन्हा टाकली असती मी. सोमवारी त्या अकरा जणांचे कान..." तो उठला. "उद्याच फोन करतो गोदामात."

क्षणभर तिलाही वाटलं, पडला प्रयोग. पण तिनं पानावरचं बोट हलवलं नव्हतं. काहीही झालं तरी ओळ सोडायची नाही, ही तिची सवय.

"बस खाली," ती म्हणाली. "एका टिंबानं सगळं बदलतं, असं तूच म्हणालास ना? मग चोरी झालीय की नुसती दुसऱ्याच नाटकाची संहिता उघडलीय, हे कसं कळलं तुला?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे एकाच नाटकाची दोन भाषांतरं होती. गोष्ट तीच, नटही तेच. चुकीचं बाड उचललं की पहिल्या वाक्यापासून गोंधळ. वाच, या पानावर ठशाच्या वर काय लिहिलंय. मला परकी लिपी तेवढी पटपट येत नाही."

तो वाकला. आवृत्ती बरोबर होती. पुढे भाषा लिहिली होती. इंग्रजी, आणि त्याच्यापुढे आणखी एक शब्द. तो तसाच वाकलेला राहिला.

"आंतरराष्ट्रीय इंग्रजी," तो म्हणाला. "टूलच्या यादीत इंग्रजी दोन होत्या. एक साधी, एक आंतरराष्ट्रीय. मी वरची दाबली, साधी."

"का?"

"वर होती म्हणून."

"शाबास!" मावशी म्हणाली. "असेच भेटायचे मला. वरची उचलायची आणि रंगमंचावर जायचं."

पण तो हसत नव्हता. तो बसला, आणि त्यानं दोन मिनिटं न घालवता बटण दाबलं. हे मावशीनं पाहिलं.

संध्याकाळी इंटरनेट मंदावलं, म्हणून दुसरी फाइल दुसऱ्या दिवशी दुपारी हातात आली. सूनबाई शाळा सुटल्यावर थेट दुकानात आली होती. तिला काय चाललंय ते पुरतं कळलं नव्हतं, पण घरातल्या दोघांचे चेहरे तिनं सकाळी पाहिले होते.

"नऊ, चार, सी, एक."

"हं."

"शून्य, शून्य, सात, बी."

"हं."

मावशीचा आवाज खालच्या पट्टीत, सपाट, घाई नसलेला. शब्द पुढे ठेवणारा आणि स्वतः मागे सरकणारा. तिसाव्या अक्षरापाशी एक गिऱ्हाईक दारात आलं. सूनबाईनं ओठांवर बोट ठेवलं. गिऱ्हाईक बिचारं चपला हातात घेऊन उभं राहिलं. भाच्याचं प्रत्येक 'हं' आधीच्यापेक्षा थोडं ठाम होत गेलं. शेवटची चार अक्षरं आली तेव्हा मावशीच थांबली.

"म्हण की, मावशी," भाचा म्हणाला.

"म्हणते. हे माझं अभिनयाचं थांबणं होतं."

चार अक्षरं म्हटली. "हं," भाचा म्हणाला, आणि त्यानं दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकला. सूनबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. दारातल्या गिऱ्हाइकानं विचारलं, "आता चपला घालू का?"

सोमवारी भाचा स्वतः कॉम्प्युटर घेऊन दवाखान्यात गेला आणि मावशीलाही घेऊन गेला. पहिले आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. बाईंनी जुळवणीचं यंत्र जोडलं, पडद्यावर पट्ट्या वरखाली झाल्या. आजोबांनी मान वर केली.

"पंख्याला तेल घाला हो," ते म्हणाले. "केवढा करकरतोय!"

त्यांच्या बायकोनं कपाळाला हात लावला. "घ्या. महिनाभर मनातलं बोलायची सवय लागली होती मला. आता संपलं सुख."

"काय काय बोललीस?"

"चांगलंच बोलले असेन, असं धरून चाला."

दवाखाना हसला. भाचा भिंतीला टेकून उभा होता. परत येताना तो वाटेत थांबला आणि त्यानं गोदामाला फोन केला. बोलणं अर्ध्या मिनिटाचं. "नाही जमणार, साहेब. इथे काम आहे." तिथून तो सरळ फोटो स्टुडिओत गेला. मावशी बाहेर थांबली. आत काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. एवढंच, की स्टुडिओवाल्यानं त्याला दारापर्यंत सोडलं.

दुकानात आल्यावर मावशी खुर्चीत चढली आणि म्हणाली, "आता त्या हमालाचे आभार मानायचे."

"कुठल्या?"

"ज्यानं टूल केलं त्याच्या. माणूसच असेल ना तो कुणी? आपण शंका घेतली, ते बरोबरच केलं. पण तो खरा निघाला, हेही त्याला कळायला नको?"

भाच्यानं टूलचं पान उघडलं. आभार मानायला तिथे जागाच नव्हती. होती ती फक्त तक्रारींची. हे चालत नाही, ते अडतं, ताबडतोब दुरुस्त करा, अशा शेकडो ओळी. "तिथेच लिही," मावशी म्हणाली. ती सांगत गेली, भाचा इंग्रजीत लिहीत गेला. दवाखाना, अकरा माणसं, माहितीपत्रकाशी पडताळलेली चौसष्ट अक्षरं. शेवटी तिनं सांगितलं, "लिही, मी एकतीस वर्षं पडद्यामागे होते. तिथे कुणी 'छान झालं' म्हणायला येत नाही, म्हणून मी आले."

तीन दिवसांनी उत्तर आलं. भाच्यानं वाचून दाखवलं, "तुम्हाला अडचण काय आली आहे? कृपया स्पष्ट लिहा."

मावशी खो खो हसली. "बिचारा! सवयच नाही. लिही, अडचण काही नाही. म्हणूनच लिहिलं."

दुसरं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. ते वाचताना भाचा दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा मावशीनं त्याला थांबू दिलं. त्या माणसानं लिहिलं होतं की इथली प्रत्येक तक्रार सुटली की ती बंद करण्याचं एक बटण त्याच्याकडे असतं. या पत्रात सोडवण्यासारखं काही नाही, तेव्हा ते कसं बंद करायचं हे त्याला कळत नाही. त्यामुळे, तुमची हरकत नसेल तर, ते तो उघडंच ठेवतो.

"हरकत नाही म्हणावं," मावशी म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. "बोला. चहा गरम होता की गार?"